गाडीच्या पत्र्यातलं भोक वेल्डिंगने भरायचंय? मग भोक मोठं होऊ देऊ नका

पत्र्यातलं भोक भरायला गन लावली आणि भरायचं राहिलं बाजूला, भोकच दुप्पट झालं, हे सुरुवातीला बहुतेकांच्या बाबतीत घडतं. माझ्या बाबतीतही घडलं. जुन्या गाडीच्या मडगार्डवर ॲरियलचं भोक होतं, करंगळी जाईल एवढं, म्हटलं कडेकडेने थोडं थोडं वेल्ड टाकत आत येऊ, तर प्रत्येक टाक्याला कड मागे सरकत गेली, शेवटी दोन बोटं जातील एवढं खिंडार पडलं आणि आजूबाजूचा पत्रा असा ओढला गेला की ते मडगार्ड पुढे सरळ झालंच नाही. मशीन चांगलं होतं, हात पण अगदीच कच्चा नव्हता, पण भोकाची कड कशी वागते तेच मला माहीत नव्हतं. म्हणून सगळ्यात आधी तेवढं समजून घ्या, बाकीची रीत त्यातूनच निघते.

अखंड पत्र्याच्या मध्यावर आर्क (वायरचं टोक आणि पत्रा यांच्यात पेटणारी विजेची ठिणगी) पेटवला की उष्णता चारी बाजूंना पसरते. भोकाच्या काठावर एका बाजूला पत्रा असतो आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा, म्हणजे उष्णतेला जायला अर्धीच वाट. गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.९ मिमी, काही जुन्या गाड्यांचा १ मिमीच्या आसपास. एवढ्या पातळ धातूची कड क्षणात वितळते आणि वितळली की पृष्ठताणामुळे थेंब होऊन मागच्या धातूकडे ओढली जाते, भोकाच्या दिशेने पुढे येत नाही. तुम्ही वरून कितीही वायर सोडा, मागे आधार नसेल तर थेंब खाली गळतो नाहीतर काठाला जाडी गाठ होऊन बसतो. त्यामुळे दोनच गोष्टी उपयोगाच्या: भोकाच्या मागे उष्णता शोषून घेणारं काहीतरी धरायचं, नाहीतर भोकात पत्र्याचाच तुकडा बसवून भोकाची नुसती फट करून टाकायची.

पण त्याआधी ते भोक भरायचं आहे का ते बघा, खरंच. फ्लोअर, दरवाज्याचा तळ, साइड सिल (दरवाज्याखालची आडवी पोकळ पट्टी) इथली बरीच भोकं कंपनीने मुद्दाम ठेवलेली असतात, पाणी निघून जायला किंवा कारखान्यात रंगाच्या टाकीत बॉडी बुडवल्यावर तो रंग निथळायला. निचऱ्याचं भोक बंद केलंत तर आत पाणी साचणार आणि तोच भाग आतून गंजणार. रबरी बूच असलेलं भोक असेल तर नवीन बूच लावा आणि मोकळे व्हा. दुसरं, चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर पत्रा ॲल्युमिनियमचा आहे (किंवा तिथे पुट्टीचा जाड थर आहे, तेही कळलेलं बरंच), आणि ॲल्युमिनियमला इथे सांगितलेलं काही लागू होत नाही. तिसरं, दरवाज्यांमधले खांब, छताच्या कडेचे बीम असे भाग नवीन गाड्यांत बरेचदा अति-मजबूत पोलादाचे असतात, वेल्डच्या उष्णतेने त्यांची ताकद जाते आणि अपघातात माणसाला वाचवणारे भाग नेमके तेच असतात. तिथे निर्मात्याच्या दुरुस्ती पुस्तिकेत जे लिहिलंय तेवढंच करायचं, मनाने नाही.

गंजाने पडलेलं भोक आणि ड्रिलने पाडलेलं भोक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ड्रिलच्या भोकाभोवतीचा पत्रा पूर्ण जाडीचा असतो. गंजाच्या भोकाभोवती मात्र दिसायला पत्रा असतो पण आतून तो कागद झालेला असतो, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा, सहज आत जातो. अशा पत्र्यावर आर्क लावला की तो नुसता उडून जातो आणि तुम्ही भोकामागून भोक भरत बसता. तिथे सरळ कापा, चकचकीत पूर्ण जाडीचा धातू लागेपर्यंत कापत जा, एक इंचाचं भोक चार इंचाचं झालं तरी चालेल. मग ते भोक भरणं राहत नाही, ठिगळ लावणं होतं, त्याबद्दल पुढे थोडं लिहिलंय.

आता आगीबद्दल, हा भाग कृपया वगळू नका. बॅटरीचं कनेक्शन काढा, निदान मायनस तरी. अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या शक्य तितका जवळ, घासून उघड्या केलेल्या धातूवर लावा, म्हणजे करंट कुठल्यातरी बेअरिंगमधून नाहीतर वायरिंगमधून वाट काढत जाणार नाही. मग पत्र्याच्या मागे काय आहे ते डोळ्यांनी बघा, अंदाजाने नाही: वायरिंग, इंधनाची नळी, ब्रेकची नळी, एअरबॅगचे सुटे भाग, आवाज दाबायचं डांबरासारखं अस्तर, फोम, पोकळीत मारलेलं वॅक्स. हे सगळं पेटतं किंवा खराब होतं. इंधनाच्या टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवूनच. काचा आणि सीट झाकून घ्या, ग्रायंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग कधीच निघत नाहीत. अग्निशामक हाताशी ठेवा आणि जमलं तर पलीकडच्या बाजूला एक माणूस उभा करा, कारण हेल्मेटमधून तुम्हाला मागची धुगधुगी दिसत नाही. काम संपल्यावर निदान अर्धा तास तरी गाडीजवळून हलू नका, अस्तर आतल्या आत धुमसून उशिरा पेट घेतं.

धुराचंही तसंच. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद वितळायला १४०० च्या वर जावं लागतं, म्हणजे पोलाद वितळायच्या आधीच जस्ताची वाफ झालेली असते. ती वाफ वेल्डमध्ये बुडबुडे करते आणि श्वासातून आत गेली तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. म्हणून मुलामा दोन्ही बाजूंनी घासून काढा, हवा खेळती ठेवा, धुरासाठीचा मास्क लावा. आणि अजून एक, पत्रा साफ करायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर अजिबात वापरू नका, आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. ॲसिटोन वापरा, पूर्ण उडून जाऊ द्या, बाटली आणि बोळा लांब नेऊन ठेवा आणि मगच आर्क पेटवा.

साफसफाई म्हणजे भोकाभोवती निदान इंचभर रंग, प्रायमर, गंज सगळं जाऊन पांढरा पत्रा दिसला पाहिजे. आणि मागूनही, हे लोक टाळतात! मागचा रंग, सीलर, वॅक्स वितळून वेल्डमध्ये येतं, वेल्ड फसफसतं, भोकाळ होतं, आणि मग माणूस मशीनला दोष देत बसतो.

मशीन कोणतं? माझं मत मिग (ट्रिगर दाबला की गनमधून वायर आपोआप पुढे येते ते), ०.६ मिमीची भरीव वायर आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, साधारण ७५-८० टक्के आर्गॉन. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर होतं, पण आर्क जास्त आत शिरतो आणि छरे उडतात. ०.८ ची वायर लावली असेल तर बदला, जाड वायर वितळायला जास्त करंट लागतो आणि पातळ पत्र्यावर आपल्याला नेमका तोच नकोय. गॅसशिवायची फ्लक्स वायर (पोटात वेल्डला झाकणारी पावडर भरलेली) या कामाला अवघड जाते, जमतं पण तांब्याच्या आधाराशिवाय प्रयत्न करू नका, आणि त्यात गनची पोलॅरिटी उलटी असते (भरीव वायरला गन प्लस, फ्लक्स वायरला बहुतेक वेळा गन मायनस), तेवढं बघून घ्या. टिग (टंगस्टनच्या टोकाने आर्क पेटवून तार वेगळी हाताने द्यायची ती पद्धत) येत असेल तर उत्तमच, टिगचा वेल्ड मऊ राहतो, हातोडीने छान ठोकता येतो, पण फटी अगदी तंतोतंत बसाव्या लागतात. काडीच्या वेल्डिंगने ०.८ च्या पत्र्यातलं भोक भरायला जाऊ नका.

सेटिंगचा ढोबळ अंदाज असा की ०.८ मिमी पत्र्याला ३०-४० अँपिअर, गॅस मिनिटाला ८ ते १२ लिटर. पण प्रत्येक मशीनचा आकडा वेगळा बोलतो, त्यामुळे त्याच जाडीच्या भंगार पत्र्याला तेवढंच भोक पाडा आणि आधी ते भरून बघा, पाच-सहा भोकं भरून होईपर्यंत गाडीला हात लावू नका. इथे एक गोष्ट उलटी वाटेल: पत्रा जळू नये म्हणून लोक करंट अगदी तळाला नेतात आणि ट्रिगर दाबून ठेवतात. तसं केलं की वेल्ड वर उंच गाठीसारखं बसतं, खाली धरत नाही, आणि वेळ जास्त गेल्यामुळे उष्णता पण जास्तच शिरते. त्यापेक्षा करंट किंचित चढा ठेवा आणि टाका छोटा घ्या, अर्धा-पाऊण सेकंद, बस. प्रत्येक टाक्याआधी वायरचं टोक तिरकं कापा, टोकाला गोळी राहिली असेल तर आर्क पेटताना अडखळतो आणि नेमका त्या अडखळण्यात पत्रा जळतो.

लहान भोकं, म्हणजे ट्रिमच्या क्लिपची, स्क्रूची, ३ ते ६ मिमीपर्यंतची, तांब्याच्या आधारावर भरायची. तांब्याच्या पाइपचा तुकडा ठोकून चपटा करा, जाड पट्टी मिळाली तर फारच छान, ३ मिमी किंवा जास्त. तांबं पोलादाच्या कितीतरी पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे वितळलेलं पोलाद त्याच्यावर थिजतं पण चिकटत नाही. पितळ घेऊ नका, त्यात जस्त असतं. पट्टी पत्र्याच्या मागे अगदी चिकटून बसली पाहिजे, मध्ये केसाची फट नको, पत्र्याला गोलाई असेल तर पट्टीला पण तशीच गोलाई द्या. पकडीने, चुंबकाने किंवा कोणालातरी हातमोजा घालून लांब दांड्याने धरायला सांगून, कसंही करा पण घट्ट दाबून.

आधार लावायच्या आधी भोकाची कड गोल हातोडीने हलकीशी आत दाबून घ्या, बशीसारखा अगदी उथळ खळगा. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर निम्मं काम सोपं झालं: वेल्ड त्या खळग्यात बसतं, वर डोकावतं ते थोडंच, मग घासताना आजूबाजूचा चांगला पत्रा झिजत नाही.

आता गन जवळजवळ उभी धरा, नोझलबाहेर वायर ६ ते १० मिमी. आर्क पत्र्याच्या कडेवर पेटवा, तांब्यावर नाही. मागे तांबं असताना कड जळत नाही कारण जादा उष्णता तांबं ओढून घेतं, पण आर्क थेट तांब्यावरच खेळवत ठेवला तर तांबं वितळून वेल्डमध्ये मिसळतं आणि वेल्डला तडे जाऊ शकतात. कडेवरून सुरू करून गोल फिरत मध्ये या, ५ मिमीचं भोक सेकंद-दोन सेकंदात एका दमात भरलं पाहिजे, थेंब लालसर चमकत असतानाच ट्रिगर सोडा. एका दमात नाही भरलं तर थांबा, थंड होऊ द्या, वर आलेली काजळी ब्रशने झटका, मग दुसरा टाका पहिल्या टाक्यावर अर्धा चढवून घ्या. टाक्यावर टाका चढतो तेव्हा आर्कला खाली जाड धातू मिळतो, कड मिळत नाही, म्हणून तो जळत नाही.

८-१० मिमीच्या वरचं भोक असेल तर नुसत्या वायरने भरायचा हट्ट सोडा. होतं, पण एवढा वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि भोवतालचा पत्रा ओढून घेतो. चकती बसवा. आधी स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं ड्रिल) भोक नीट गोल करा, वेडंवाकडं भोक आणि वेडीवाकडी चकती यांची फट कधीच सारखी येत नाही. चकती त्याच जाडीच्या पत्र्यातून कापा, जुन्या बॉडीचाच तुकडा असेल तर सगळ्यात उत्तम, आणि कानशीने घासत घासत इतकी बसवा की फट वायरच्या जाडीपेक्षा, म्हणजे ०.६ मिमीपेक्षा जास्त राहणार नाही. या घासण्यात पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्या, त्यातून पुढे तासभर वाचतो. पत्र्याला भोक पाडायचा हातपंच असेल तर त्यातून पडलेली टिकली तेवढ्याच मापाच्या भोकात जवळपास आपोआप बसते, मी तर पंचाच्या टिकल्या डबीत साठवून ठेवतो.

चकती धरायला तिच्या मध्यावर वायरचा एक तुकडा चिकटवून दांडी करा, नंतर ती घासून टाकता येते. पृष्ठभाग एका पातळीत आणा, मग घड्याळाच्या बारा वाजता एक टाका, सहा वाजता दुसरा, मग तीन, मग नऊ. प्रत्येक टाक्यानंतर थांबायचं. आर्कचा रोख दोन हिस्से गाडीच्या पत्र्याकडे आणि एक हिस्सा चकतीकडे ठेवा, कारण एवढ्याशा चकतीला उष्णता टाकायला जागाच नाही, ती पत्र्याच्या कितीतरी आधी लाल होते. तांबं मागे लावता आलं तर इथेही लावाच.

खिळा कापून भोकात घालतात ती युक्ती तुम्ही ऐकली असेल. चालते, जिथे कोणी बघणार नाही अशा ठिकाणी. मला स्वतःला बाहेरच्या पॅनलवर ती आवडत नाही, खिळा मागच्या बाजूला वाढलेला राहतो, तो घासायला जागा नसते, आणि पातळ पत्र्यात तेवढाच एक कडक ठोकळा बसतो जो नंतर हातोडीला दाद देत नाही. आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा तर कुठेच नको.

मोठं ठिगळ असेल तर त्याचे कोपरे गोल कापा, साधारण दर इंचाला एक टाका, आणि नेहमी आधीच्या टाक्यापासून सगळ्यात लांबची जागा निवडा, मग दोन टाक्यांच्या मध्ये एक, परत मध्ये एक, असं करत टाके एकमेकांना मिळेपर्यंत. सलग रेघ ओढायचा मोह होतो, हात बसलेला असेल तर जास्तच होतो, पण पातळ पॅनलवर सलग रेघ म्हणजे पत्रा वाकलाच समजा. दरवाज्यावर ट्रिमची दहा-बारा भोकं ओळीत असतील तिथेही हेच, पहिलं भरलं की दुसऱ्याकडे जाऊ नका, शेवटच्याकडे जा.

थांबायचं म्हणजे किती? हाताचा मागचा भाग पत्र्यावर टेकवता आला पाहिजे, तेवढं. ओलं फडकं मारून झटकन थंड करणारे बरेच आहेत. गाडीच्या साध्या मऊ पोलादात कार्बन कमी असतो म्हणून ते त्याने कडक होत नाही हे खरं, पण मी नाही करत, एका जागी एकदम आकसलेला पत्रा कुठे ओढला जाईल ते माझ्या हातात राहत नाही. बॉनेट, छत, दरवाज्याचा सपाट मध्यभाग इथे तर सगळ्यात जास्त सबुरी लागते, घडीजवळ किंवा वाकवलेल्या कडेजवळ पत्रा मुळातच ताठ असतो, तिथे थोडं चुकलं तरी निभावतं.

इतकं करूनही थोडा ओढा बसतोच. वेल्ड आकसलंय, मग त्याला पुन्हा ताणायचं: मागून डॉली (हातात धरायचा गुळगुळीत लोखंडी ठोकळा) टेकवा आणि वेल्डवरच हातोडीचे हलके ठोके द्या, धातू चेपला की पसरतो आणि ओढलेला पत्रा सैल होऊन जागेवर येतो. मिगचा वेल्ड कडक असतो म्हणून आधी वरची गाठ बरीचशी घासून घ्या आणि मग ठोका. दोन ठोके, हात फिरवून बघा, परत दोन ठोके. जास्त ठोकलंत तर पत्रा उलट ताणला जाऊन दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर व्हायला लागतो आणि ते परत आणणं फार कष्टाचं.

घासताना पण उष्णता तयार होते हे लोक विसरतात, वेल्ड इतकं जपून केलेलं आणि ग्रायंडरने पाच मिनिटांत पत्रा निळा करून वाकवलेला मी पाहिलाय. गाठीचा माथा आधी छोट्या अरुंद चाकाच्या धारेने फक्त गाठीवरच उतरवा, मग ६० किंवा ८० नंबरची फ्लॅप डिस्क, तीन-चार सेकंद घासलं की थांबायचं, दुसऱ्या भोकाकडे जायचं. शेवटचा केसभर भाग हाताने कानशीने. भोवतालचा पत्रा घासून पातळ झाला तर पुढच्या वेळी तिथेच नवीन भोक पडणार.

मग अंधार करा आणि पत्र्याच्या मागे टॉर्च धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर ते खडूने खुणा करून एकेक टाक्याने बंद करा. पुट्टीने बुजतील असं वाटतं पण पुट्टी पाणी शोषते, मागून आलेला ओलावा त्या बारीक भोकातून पुट्टीत शिरतो, खाली गंज धरतो आणि काही महिन्यांनी रंगाला फुगे येतात. ठिपके बंद झाल्यावर पुट्टी खुशाल लावा, पण पातळ, दोन-तीन मिमीच्या वर नको.

उघडा पत्रा तसाच सोडू नका, दमट हवेत रात्रीतून तांबूस होतो. पुढून एपॉक्सी प्रायमर मारा, आणि मागूनही, कारण मागे वेल्डच्या उष्णतेने सगळं संरक्षण जळून गेलेलं असतं आणि भरलेली भोकं परत गंजतात ती बहुतेक मागूनच. जिथे हात पोचतो तिथे प्रायमर आणि त्यावर सीम सीलर, जिथे पोचत नाही त्या पोकळीत लांब नळीने वॅक्स. ते वॅक्स मात्र रंगकाम पूर्ण झाल्यावरच मारा, आधी मारलंत तर त्याचा तेलकट अंश पृष्ठभागावर येतो आणि नवीन रंग तिथे गोल गोल खड्डे सोडून बाजूला सरकतो.